पिशवीतली बिअर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात घरी बिअर करण्याच्या ‘पिशवी’ पद्धतीची ओळख करून दिली होती. भरडलेला बार्लीचा मॉल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) जाळीच्या पिशवीत घालून एकाच पातेल्यातल्या गरम पाण्यात तासभर मुरवायचा (याला मॅश म्हणतात), पिशवी उचलून निथळू द्यायची, खाली उरलेला गोड द्रव, म्हणजे वर्ट, त्याच पातेल्यात हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुले) घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा, अशी ही पद्धत. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी २००० नंतरच्या दशकात ती रुळवली आणि तीन भांड्यांचा पसारा एका भांड्यावर आणला.

लेखानंतर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिकेतून पत्रे आली, दोन पुण्याहूनही आली. बहुतेकांना पिशवीची काळजी पडली आहे. पिशवी ही शेवटी चाळणी. बिअर बिघडते ती पाण्याच्या मापात, भरडीत आणि तापमानात. म्हणून त्या उत्तरांना इथे जास्त जागा दिली आहे. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये आहे.

माझ्याकडे २० लिटरचे स्टीलचे पातेले आहे. त्यात २० लिटर बिअर होईल का? पाणी नेमके किती घ्यायचे? (मेलबर्न)

२० लिटर नाही होणार, १० लिटर उत्तम होईल. या पद्धतीत मॉल्ट धुवायचे पाणी वेगळे ठेवत नाहीत, सगळे सुरुवातीलाच पातेल्यात घालतात. त्यामुळे हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करायचा.

आंबवण्याच्या भांड्यात १० लिटर हवे. पातेल्याच्या तळाशी गाळ आणि हॉप्सचा चोथा यांत १ लिटर जातो. तासभर खळखळून उकळताना सुमारे ३ लिटर उडते. अडीच किलो मॉल्ट पिळून घेतला तरी किलोमागे ६०० मिलिलिटर पाणी धरून ठेवतो, म्हणजे दीड लिटर. बेरीज साडेपंधरा लिटर. हे झाले नळाचे गार पाणी. मॉल्ट स्वतः किलोमागे सुमारे ६७० मिलिलिटर जागा घेतो, आणि पाणी तापल्यावर थोडे फुगते. म्हणजे मॅशच्या वेळी पातळी साडेसतरा लिटरपर्यंत येईल. २० लिटरच्या पातेल्यात हे बसते, ढवळायलाही जागा राहते.

२० लिटर बिअरसाठी असाच हिशेब, गाळ आणि उडणारे पाणी थोडे जास्त धरून, केला तर ५ किलो मॉल्ट आणि साडेअठ्ठावीस लिटर पाणी लागते. त्याला ३५ लिटरचे पातेले काठोकाठ होते, ४० लिटरचे घ्यावे.

यातला उडणाऱ्या पाण्याचा आकडा प्रत्येक पातेल्याचा आणि शेगडीचा निराळा असतो. रुंद पातेल्यात जास्त उडते, उभट पातेल्यात कमी. त्यामुळे पहिल्या बिअरच्या आधी नुसते पाणी घालून एक तास उकळून पाहा. मोजायला स्टीलची फूटपट्टी पुरते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात दर सेंटिमीटर खोलीला सुमारे ७०० मिलिलिटर द्रव असतो. आधी आणि नंतरची खोली दोन्ही वेळा गार असताना मोजा, कारण उकळते पाणी गार पाण्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त जागा घेते आणि तेवढा घोळ सहज होतो.

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी साधी इंग्लिश धाटणीची पेल एल सुचवतो. मॅरिस ऑटर पेल मॉल्ट २.३ किलो आणि मध्यम क्रिस्टल मॉल्ट २०० ग्रॅम. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (अल्फा ॲसिड, म्हणजे कडूपणा देणारा घटक, ५ टक्के) उकळी सुरू होताच २३ ग्रॅम, शेवटची १० मिनिटे राहिली असताना आणखी १५ ग्रॅम. सॅफेल एस-०४ किंवा यूएस-०५ यीस्टचे अर्धे पाकीट, म्हणजे साधारण ६ ग्रॅम. वर्टची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर जास्त तितकी ती जास्त) १.०४८ च्या आसपास येईल, आंबून १.०१२ वर थांबेल आणि अल्कोहोल साधारण ४.७ टक्के राहील.

मॉल्ट घालण्याआधी पाणी किती तापवायचे? ६७ अंशांचा मॅश हवा आणि मॉल्ट २० अंशांना आहे असे धरले, तर ७० अंश. पाणी भरपूर असल्यामुळे मॉल्ट तीनच अंश खाली खेचतो. तीन भांड्यांच्या पद्धतीचे तक्ते यापेक्षा बरेच जास्त तापमान सांगतात, कारण तिथे मॅश घट्ट असतो. ते तक्ते इथे वापरू नका.

चक्का टांगायचे मलमलचे कापड चालेल का? बाजारातली पिशवी महाग वाटते. (लेस्टर)

मलमल नको. सुती धागा पाण्यात फुगतो, विणीची छिद्रे आवळतात आणि पिठाने लगेच बुजतात. मग पिशवी उचलली की वर्ट आतच अडकून राहतो. शिवाय कापसात वास आणि डाग बसतात.

पॉलिएस्टरचे व्हॉइल घ्या, खिडकीच्या पातळ पडद्याला वापरतात ते. दुकानात हातात घेऊन तोंडासमोर धरा आणि फुंका. हवा अडखळली नाही आणि पलीकडची अक्षरे दिसली तर कापड योग्य आहे. तयार जाळी घेणार असाल तर २०० ते २५० मायक्रॉनची मागा.

पिशवी एवढी मोठी हवी की सगळे पातेले तिच्यात उभे मावेल. लहान पिशवीत मॉल्टचा गोळा होतो, मधल्या दाण्यांना पाणी नीट लागत नाही. ३० सेंटिमीटर व्यास आणि तेवढ्याच उंचीच्या पातेल्याचा घेर ९४ सेंटिमीटर. म्हणून १०५ सेंटिमीटर रुंद आणि ६५ सेंटिमीटर लांब तुकडा कापा, दुमडून बाजूने आणि खालून दुहेरी शिवण घाला. धागाही पॉलिएस्टरचाच घ्या. सगळा भार खालच्या शिवणीवर येतो, तिथे तिसरी टीप मारली तर बरे. वापर झाल्यावर पिशवी उलटी करून झटकून गरम पाण्याने धुवा आणि वाळवा. कपड्यांना लावायचे सुगंधी सॉफ्टनर तिला कधीही लावू नका, त्याने बिअरचा फेस मरतो.

कृतीत १.०४८ लिहिले होते, माझी ग्रॅव्हिटी १.०३६ आली. दोनदा असेच झाले. पिशवी पद्धतीत कमीच येते का? (ऑकलंड)

नाही. नीट केले तर ७० ते ७५ टक्के साखर सहज निघते. तुमच्या पत्रात दोन गोष्टी लिहिल्या आहेत, त्यांतच बहुधा कारण आहे: मॉल्ट दुकानातून भरडून घेतला, आणि ग्रॅव्हिटी पिशवी काढल्या काढल्या मोजली.

आधी मोजणीचे पाहू. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी) २० अंशांच्या द्रवासाठी आखलेला असतो (जुने काही १५.६ अंशांचे असतात, आतल्या कागदावर लिहिलेले असते). ७० अंशांच्या वर्टमध्ये तो जवळजवळ २० अंक (एक अंक म्हणजे ०.००१) कमी दाखवतो. वाटीभर वर्ट काढा, झाकून गार पाण्यात ठेवा, २० अंशांवर आला की मोजा. दुसरे असे, की उकळण्यापूर्वीची ग्रॅव्हिटी कमी असणारच, पाणी अजून उडायचे आहे. ताळा सोपा आहे. ग्रॅव्हिटीचे शेवटचे दोन अंक आणि लिटर यांचा गुणाकार उकळण्याने बदलत नाही. उकळण्याआधी १४ लिटर आणि १.०३८ असेल तर ३८ गुणिले १४ म्हणजे ५३२. उकळून ११ लिटर राहिले की ५३२ भागिले ११, म्हणजे ४८. तुमच्याकडे ११ ऐवजी १३ लिटर उरले असतील तर ग्रॅव्हिटी १.०४१ दिसेल, आणि त्यात दोष साखरेचा नसून पाण्याच्या मापाचा असेल.

हे दोन्ही बरोबर असेल तर भरड पाहा. दुकानाची गिरणी बहुधा जाळीच्या तळाचे भांडे वापरणाऱ्यांसाठी लावलेली असते. त्यांना टरफले अखंड लागतात, नाहीतर वर्ट खाली उतरतच नाही. म्हणून तिथली भरड जाड. पिशवीला ती अडचण नाही. मूठभर भरड पांढऱ्या ताटलीत पसरा. एकही अख्खा दाणा दिसता कामा नये, पांढरा गर दलिया आणि रवा यांच्या मिश्रणाइतका बारीक हवा, टरफले फाटली तरी चालतात, थोडे पीठही चालते. रोलरच्या गिरणीचे अंतर ०.८ मिलिमीटरवर आणा, किंवा दुकानदाराला दोनदा दळायला सांगा. फारच पीठ केले तर मात्र जाळी बुजते आणि निथळायला अर्धा तास लागतो.

तिसरे कारण गुठळ्या. सगळा मॉल्ट एकदम ओतला की बाहेरून ओला आणि आतून कोरडा असे गोळे होतात. एकाने हळूहळू ओतावे, दुसऱ्याने मोठ्या रवीने ढवळावे. मग दर १५-२० मिनिटांनी पिशवी थोडी वर उचलून पुन्हा ढवळावे. स्टार्चची साखर झाली की नाही हे पाहायला आयोडीनचा थेंब पुरतो. पांढऱ्या बशीत चमचाभर गार वर्ट घ्या, त्यात टरफलाचा तुकडा नको, कारण टरफल नेहमीच काळे पडते. थेंब निळा-काळा झाला तर आणखी २० मिनिटे मुरवा, तपकिरीच राहिला तर काम झाले. तो नमुना फेकून द्या, परत पातेल्यात घालू नका.

त्या दिवशीची बिअर सावरायची असेल तर कोरडे मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट घाला. ११ लिटरमध्ये १०० ग्रॅमला साधारण ३ अंक वाढतात.

तासाभरात तापमान ६७ वरून ६४ वर उतरते. गॅस चालू-बंद करत राहावे का? (मेलबर्न)

नको. स्टार्चचे बरेचसे रूपांतर पहिल्या अर्ध्या तासात होते. तोपर्यंत तापमान बरोबर असले तर नंतरच्या दोन-तीन अंशांनी काही बिघडत नाही. ज्योत बंद करा, झाकण लावा आणि पातेल्याला जाड गोधडी किंवा स्लीपिंग बॅग गुंडाळा. ज्योत चालू असताना गुंडाळू नका, हे सांगायची गरज वाटते, कारण थंडीत लोक तसे करतात.

मॉल्टमधली दोन विकरे साखर करतात. बीटा अमायलेझ ६० ते ६५ अंशांत जोमाने चालते आणि यीस्टला खाता येईल अशी साखर देते. अल्फा अमायलेझला ६८ ते ७२ मानवते, त्यातून यीस्टला न पचणारे तुकडेही उरतात. म्हणून ६४-६५ ला मुरवलेली बिअर कोरडी आणि हलकी होते, ६९ ला मुरवलेली भरीव आणि किंचित गोडसर. ६४ ला ९० मिनिटे द्यावीत.

जास्त तापल्याची चूक मात्र लगेच सुधारावी लागते. ७२ च्या वर बीटा अमायलेझ काही मिनिटांत निकामी होते आणि नंतर थंड केले तरी परत येत नाही. सुमारे साडेपंधरा लिटरच्या मॅशमध्ये एक लिटर गार पाणी घातले की जवळजवळ ३ अंश उतरतात. तेवढे पाणी नंतर जास्त वेळ उकळून उडवा.

थर्मामीटर दोन ठिकाणी पारखा: बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात १००. स्वयंपाकघरातल्या स्वस्त थर्मामीटरमध्ये तीन-चार अंशांची तफावत असते, आणि बिअर पातळ किंवा जड झाल्याचा दोष मग मॉल्टला दिला जातो.

इथले पाणी फार जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो. फिकट बिअर तुरट आणि उग्र लागते, गडद स्टाउट मात्र छान होते. (रेडिंग)

निदान तुमच्याच पत्रात आहे. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आहे. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ असावा (गार नमुन्यात मोजलेला). गडद भाजलेला मॉल्ट आम्लधर्मी असतो, तो बायकार्बोनेटला पुरून उरतो. फिकट मॉल्टला ते जमत नाही, पीएच ५.८ च्या वर जातो आणि टरफलांतले टॅनिन सुटते. लंडन आणि थेम्सच्या खोऱ्यातले पाणी असेच चुनखडीचे आहे, तिथल्या जुन्या भट्ट्या काळ्या पोर्टरसाठी नावाजल्या यात या पाण्याचाही वाटा होता. पिशवी पद्धतीत सगळे पाणी एकदम मॅशमध्ये असल्यामुळे हा त्रास आणखी जाणवतो. मेलबर्नकरांनी मात्र हे उत्तर सोडून पुढे जावे, तिथले पाणी मुळातच खूप मऊ आहे. त्यांनी अर्धा चमचा कॅल्शियम क्लोराइड किंवा जिप्सम घातले तरी भागते.

उपाय तीन आहेत. पहिला, ८० टक्क्यांचे लॅक्टिक ॲसिड. साडेपंधरा लिटरला ३ मिलिलिटर घाला, मॉल्ट घालून १० मिनिटांनी नमुना गार करून पीएच पाहा, लागले तर आणखी एक मिलिलिटर. तेवढ्याने चव आंबट होत नाही. दुसरा, अर्धे नळाचे आणि अर्धे आरओचे पाणी. तिसरा जुना आणि बिनखर्चाचा: आदल्या दिवशी पाणी १५ मिनिटे उकळून रात्रभर ठेवा आणि तळाचा चुना न हलवता वरचे ओतून घ्या.

याच पत्रात ‘औषधासारखा वास’ असेही लिहिले आहे. तो जंतुनाशक क्लोरीन किंवा क्लोरामिनचा परिणाम. मॉल्टमधल्या फिनॉलशी त्यांचा संयोग होतो आणि अगदी अल्प प्रमाणातही वास येतो. क्लोरामिन उकळून सहज जात नाही. कॅम्पडेनची (मेटाबायसल्फाइटची) पाव गोळी चुरून सगळ्या पाण्यात ढवळा, पाच मिनिटांत काम होते.

पिशवी पिळू नये, तुरटपणा उतरतो, असे ऐकले आहे. (न्यू जर्सी)

बिनधास्त पिळा. टॅनिन सुटते ते पीएच वर गेल्यामुळे किंवा ७७-७८ अंशांच्या पुढे टरफले तापल्यामुळे. हाताच्या दाबाने नाही. पिळले नाही तर किलोमागे ३००-४०० मिलिलिटर वर्ट वाया जातो, तोही सगळ्यात दाट.

जपायचे ते हाताला. अडीच किलो मॉल्टची पिशवी उचलताना सहा किलोच्या आसपास भरते, पाच किलोची बारा. आणि ती सत्तर अंशांची असते. कोपरापर्यंतचे रबरी मोजे घाला, पायांत बंद बूट असू द्या. पातेल्यावर ओव्हनची जाळी आडवी ठेवून तिच्यावर पिशवी टेकवा, १० मिनिटे निथळू द्या आणि वरून झाकणाने दाबा. मोठ्या पिशवीसाठी वर हुक आणि कप्पी लावा. हुक कशात अडकवलाय ते आधी बारा किलोपेक्षा जड पोते टांगून पाहा.

पिशवी तळाला चिकटून वितळली. आता सगळा वर्ट फेकावा लागेल का? (ब्रिस्बेन)

प्लास्टिकचा करपट वास आला असेल तर फेका, उकळून तो जात नाही. नुसता छोटा तुकडा चिकटला आणि वास नाही, तर गाळून घ्या.

पॉलिएस्टर वितळते २५० अंशांच्या पुढे, पाणी असताना तिथे पोचायचे कारण नाही. पण तळाशी मॉल्टचा थर दाबून बसला, खाली जोराची ज्योत असली, की कापड आणि धातूच्या मध्ये पाणीच राहत नाही. म्हणून तळाशी पाय असलेली गोल जाळी ठेवा, वरण-भाताच्या कुकरातली मोठ्या आकाराची मिळाली तर तीच. मॅशच्या काळात तापवायचे झाले तर पिशवी दोन बोटे वर धरून, सतत ढवळत, मध्यम आचेवरच. विजेच्या कॉइलचे भांडे असेल तर जाळी हवीच, कारण तळाला बसलेले पीठ कॉइलवर करपते आणि तो वास बिअरभर पसरतो.

वर्ट गार करायला खूप पाणी वाया जाते. दुसरा मार्ग? (ॲडलेड)

तुमच्याच देशात त्यावर उत्तम तोड निघाली आहे: मुळी गार करायचेच नाही. उकळता वर्ट, ८० अंशांच्या वर असताना, जाड एचडीपीई प्लास्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये काठोकाठ भरायचा, कॅन दाबून आतली हवा घालवायची, झाकण घट्ट लावायचे आणि दहा-पंधरा मिनिटे आडवा ठेवून झाकणालाही उष्णता द्यायची. रात्रीत तो आपोआप निवतो. दुसऱ्या दिवशी आंबवण्याच्या भांड्यात ओता आणि यीस्ट घाला. आठवडेच्या आठवडे ठेवू नका. वर्ट गोड, कमी आम्लाचा आणि हवाबंद असतो, विषारी जंतूंना असे वातावरण मानवते. कॅनवर ‘२’ हा एचडीपीईच्या खुणेचा आकडा हवा. काचेच्या बरणीत उकळता वर्ट कधीही ओतू नका.

हॉप्सचा हिशेब यात बदलतो. वर्ट बराच वेळ गरम राहतो, म्हणून शेवटी घातलेले हॉप्सही कडू होत जातात. कृतीत ‘१० मिनिटे’ असेल ते हॉप्स ज्योत बंद केल्यावर किंवा थेट कॅनमध्ये घाला.

ब्रिस्बेन-ॲडलेडच्या उन्हाळ्याबद्दलही दोघांनी विचारले आहे. खोली ३० अंशांवर असेल तर वर दिलेले यीस्ट वापरू नका, डोके दुखवणारी जड अल्कोहोले तयार होतात. भांडे पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ बर्फाची बाटली बदला, किंवा सरळ नॉर्वेचे क्वाइक यीस्ट घ्या. त्याला ३० ते ३५ अंश आवडतातच.

पोहे किंवा ज्वारी वापरता येईल का? (न्यू जर्सी)

पोहे जरूर. साधा तांदूळ घातला तर त्याचा स्टार्च ६७ अंशांना उलगडत नाही, तो आधी मऊ शिजवावा लागतो. पोहे मात्र भिजवून, भाजून, चेपून केलेले असतात, त्यांचा स्टार्च आधीच शिजलेला असतो. ते थेट मॅशमध्ये जातात. २.५ किलोपैकी ३०० ग्रॅम मॉल्ट कमी करून तेवढे जाड पोहे घाला. रंग फिकट होतो, बिअर हलकी आणि कोरडी लागते. पातळ पोह्यांचा लगदा होऊन जाळी बुजते. चुरमुरे नकोत, त्यांना मीठ असते.

ज्वारीच्या कण्या वापरता येतात, पण शिजवून. ३०० ग्रॅम कण्या दीड लिटर पाण्यात (हे पाणी एकूण हिशेबातले) पूर्ण मऊ होईपर्यंत अर्धा तास शिजवा आणि मॅशमध्ये ढवळा. गरम कण्यांनी तापमान वाढेल, म्हणून बाकीचे पाणी ७० ऐवजी ६४-६५ वर ठेवा आणि मग जुळवा. साखर करण्याचे काम बार्लीची विकरे करतात.

घरी ज्वारीला मोड आणून मॉल्ट करायचा बेत मात्र सोडून द्या. ज्वारीच्या कोवळ्या मोडांत आणि मुळ्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते, त्यातून सायनाइड सुटते. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना विषबाधा होते ती यामुळेच. आणि ज्वारी घातली म्हणून बिअर ग्लुटेनमुक्त होत नाही, बार्ली आहेच.

बिअर गढूळ राहते. (लेस्टर)

पिशवीतून पीठ जास्त उतरते, म्हणून वर्ट गढूळ दिसतोच. उकळीच्या शेवटच्या १० मिनिटांत आयरिश मॉसच्या (एका समुद्रशैवालाच्या) गोळीचा अर्धा तुकडा टाका, आंबून झाल्यावर दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. चवीवर परिणाम नाही.

बाटल्या उघडताच निम्मी बिअर फेसाबरोबर उतू जाते. एक बाटली कपाटात फुटली. (ऑकलंड)

हे गंभीरपणे घ्या. उरलेल्या बाटल्या आजच फ्रिजमध्ये ठेवा. एक रात्र गार झाल्यावर, चष्मा आणि जाड मोजे घालून, एकेक करून बुच सैल करा.

कारण बहुधा असे, की आंबणे पूर्ण होण्याआधी बाटल्या भरल्या. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले असे नाही. हायड्रोमीटरने पाहा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहा, आकडा तोच असेल तरच भरा. उरलेला ग्रॅव्हिटीचा एक अंक म्हणजे लिटरमागे सुमारे २ ग्रॅम साखर. १.०१२ ऐवजी १.०१८ वर भरले तर लिटरमागे १२ ग्रॅम साखर आधीच आत असते, आणि फेसासाठी आपण घालतो लिटरमागे फक्त ६. म्हणजे तिप्पट वायू.

१० लिटरला ६० ग्रॅम साखर १०० मिलिलिटर पाण्यात उकळून, निववून, रिकाम्या स्वच्छ भांड्याच्या तळाशी घाला आणि तिच्यावर बिअर नळीने हळू सोडा. चमच्याने बाटलीबाटलीत साखर टाकली की एक बाटली सपक आणि दुसरी स्फोटक होते. बाटल्या बिअरच्याच घ्या, सॉसच्या आणि वाइनच्या बाटल्या एवढा दाब सोसत नाहीत. भरल्यावर २० अंशांना दोन आठवडे.

सगळ्या बाटल्यांत आंबटपणाही आला असेल तर जंतू शिरले आहेत. अशा वेळी प्लास्टिकच्या नळ्या आणि नळ बदला, त्यांच्या ओरखड्यांत राहिलेले काही धुण्याने निघत नाही.

मी पुण्यात राहतो. हे सामान मागवून घरी केले तर? (पुणे)

करू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम) याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. स्वतःच्या पिण्यापुरती बिअर केली तरी त्याला सूट नाही. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत त्या परवान्यावर चालतात.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने मोकळीक मिळाली. मर्यादा वर्षाला एका प्रौढामागे १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन. ऑस्ट्रेलियातही स्वतःपुरती बिअर चालते. परवान्याशिवाय विकणे या तिन्ही देशांत चालत नाही, आणि परवान्याशिवाय ऊर्ध्वपातन करून दारू गाळणे हा तिथे वेगळा आणि मोठा गुन्हा आहे.

पिशवीतल्या चोथ्याचे काय करावे? फेकायला जिवावर येते. (पुण्याहून मेलबर्नला आलेल्या वाचक)

ओला चोथा एका दिवसात आंबतो, तेव्हा त्याच दिवशी ठरवा. थाळीत पातळ पसरून ओव्हनमध्ये ९०-१०० अंशांवर, मधूनमधून हलवत, पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. मिक्सरमध्ये बारीक दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळले नाही तर टरफले घशाला टोचतात. हे पीठ थालीपिठाच्या भाजणीत चौथा हिस्सा मिसळा, कांदा आणि ओवा नेहमीपेक्षा थोडा जास्त घाला आणि पाणी हळूहळू घाला, कारण हे पीठ बरेच पाणी पिते. साखर निघून गेलेली असल्यामुळे गोडवा नसतो, भाजक्या दाण्याची खमंग चव येते.

उरलेला चोथा बागेतल्या कंपोस्टमध्ये जाऊ शकतो, सुक्या पानांबरोबर थर देऊन, नाहीतर घाण वास येतो. घरात कुत्रा असेल तर पातेल्याच्या तळाचा हॉप्सचा गाळ मात्र कंपोस्टमध्ये उघडा टाकू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, अंगातला ताप झपाट्याने वाढतो आणि जिवावर बेतते. तो गाळ वेगळ्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या झाकणबंद डब्यात टाका.